मॉरिशसच्या मळ्यांतील मराठी माणूस

परक्यांचा व्यापार धरणगावास नवा नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे कापडासाठी वखार घातली होती. तेव्हा त्यांना आमचे कापड हवे होते. पुढे दीडशे वर्षांनी आमचे हात हवे झाले. त्या हातांची ही हकीगत आहे.

मॉरिशस बेटावर १८३५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाचे मळे मात्र राहिले. मळेवाल्यांनी १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास आरंभ केला होता. हा करार म्हणजेच 'गिरमिट'. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे तेथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडील मराठी लोकही होते.

गिरमिटियाच्या पायात बेडी नव्हती, हे खरे. पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने तर करार पुरा केलेल्यासही छायाचित्राचा परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसेल तर अटक. मग सुटला तो कशातून, असे आम्ही विचारतो.

मायदेशी परतले ते सुमारे एक तृतीयांश. उरलेल्यांच्या वंशजांत आज घरोघरी क्रिओल बोलली जाते. तरीही शाळांतून मराठी शिकवली जाते, जाखडी नाचली जाते आणि गणेशचतुर्थीस सरकारी सुटी असते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटास २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. जेथे माणसांची नोंद क्रमांकाने झाली, तेथेच आज त्यांची नावे शोधली जातात.