बोलपटाचा आवाज आणि कोल्हापूर

गडमुडशिंगीप्रमाणेच करवीर तालुक्यात असलेल्या सांगवडे गावी १८८१ साली गोविंदराव टेंबे जन्मले. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या. त्या रंगभूमीवर ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पद पोचवायचे ते केवळ गळ्याच्या बळावर. हेच टेंबे पन्नाशीत मायक्रोफोनपुढे उभे राहिले. प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात तयार केलेल्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात ते हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांनीच दिले.

ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांच्याकडे होती. मूकपटांत वाढलेल्या या माणसाला नवे शास्त्र कामातूनच शिकावे लागले. ते काय होते, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करतो. त्या प्रवाहाने प्रकाश कमीजास्त होतो आणि फिल्मच्या कडेला त्याची पट्टी उमटते. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे १८ इंच, धावते. सेकंदाला ५००० कंपने असलेला स्वर घेतला, तर एका कंपनाच्या वाट्याला मिलिमीटरचा दहावा भागही येत नाही! (हे गणित विद्यार्थ्यांना जरूर घालावे.) शिवाय चित्रासाठी फिल्म थांबत थांबत सरकावी लागते, तर आवाजासाठी ती एकसारखी वाहावी लागते. म्हणून पडद्यावर दाखवायच्या प्रतीत आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापत.

खरी अडचण मात्र अंतराची होती. पार्श्वगायन अजून रूढ नव्हते. नट अभिनय करता करताच गाई. मायक्रोफोन जवळ आणावा तर तो चित्रात दिसे, दूर न्यावा तर शब्द विरत. याचे कारण एका छोट्या प्रयोगाने कळते. गडमुडशिंगीच्या एखाद्या शाळेतही तो सहज होईल. एका विद्यार्थ्याला वर्गात उतारा वाचू द्यावा आणि तो मोबाईलवर आधी वीतभर अंतरावरून, मग दहा फुटांवरून मुद्रित करावा. नंतर हेच मैदानात करावे. अंतर दुप्पट झाले की थेट येणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौथाई होते. पण भिंतींवरून परतणारा ध्वनी खोलीभर जवळपास सारखाच राहतो. वर्गात शब्द पुसट होतात ते त्यामुळे. मैदानात आवाज नुसता लहान होतो. ओरडून वाचल्याने वर्गातला दोष जात नाही, कारण प्रतिध्वनीही तितकाच वाढतो. रंगभूमीची सवय इथे कामाची नव्हती, असे आम्हांला वाटते.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. १९३५ च्या ‘धूपछाँव’ या हिंदी चित्रपटात पार्श्वगायनाचा वापर झाला आणि नटाचा गळा व चेहरा यांची ताटातूट झाली. ग्रामोफोनची अट वेगळीच होती: दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे, त्यामुळे रागविस्ताराला कात्री लागली.

या सगळ्या शिक्षणाचे उत्तम फळ आम्हांला प्रभातच्याच ‘कुंकू’त (१९३७) दिसते. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत टाळले आणि प्रसंगात असलेल्या वस्तूंचेच आवाज वापरले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ त्याच्या सरत्या वयाची आठवण देत राहते. रेडिओवर हेच घड्याळ नुसते टिकटिकून भागणार नाही. ते घड्याळ आहे, कुणाचे आहे आणि कुठे टांगले आहे, हे आधी कुणाच्या तरी तोंडून श्रोत्याला कळावे लागेल.