१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी विषम पूर्णांक. १११११११११ (नऊ एके) या संख्येचा वर्ग. डावीकडून वाचा की उजवीकडून, अंकांचा क्रम तोच राहतो. ‘लीलावती’ या गणितग्रंथातील स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी, म्हणजे एकावर सोळा शून्यांच्या घरात पडतो. परार्ध तिथून एकच घर पुढे.

ही चढउतार कशी घडते ते गुणाकार मांडून पाहिल्यावर कळते. नऊ एक्यांची ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकवत नऊदा लिहायची. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे वाढत मधोमध नऊ एके जमतात आणि पुढे तसेच उतरत जातात. हातचा कुठेच येत नाही. दहा एक्यांच्या वर्गात मात्र मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा घ्यावा लागतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते. तेव्हा हे देखणेपण बरेचसे दशमान लेखनाचे आहे. अष्टमान पद्धतीत अशी रांग सातापर्यंतच चढते.

मूळ अवयव तीनच: ३ (चार वेळा), ३७ (दोनदा) आणि ३३३६६७ (दोनदा). त्यावरून एकूण विभाजक ४५ येतात. अंकांची बेरीज ८१. या तीन अवयवांचे वैशिष्ट्य बाह्य रूपाहून अधिक मोलाचे आहे, पण सहसा कोणी त्याकडे पाहत नाही. १/३ या अपूर्णांकाचे दशांश आवर्तन एक अंकी, १/३७ चे (०.०२७०२७…) तीन अंकी आणि १/३३३६६७ चे (०.०००००२९९७…) नऊ अंकी असते, आणि या प्रत्येक लांबीचे आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही. ३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकार १२३४५६७९, ज्यात नेमका ८ गळालेला आहे. त्याला ९ ने गुणले की नऊ एके, ८१ ने गुणले की नऊ नव्वे. १/८१ मध्ये हेच अंक, आधी शून्य घेऊन, पुन्हापुन्हा येतात.

या जातीच्या संख्यांचे आकर्षण जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या नवव्या शतकातील ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा उतरणारी म्हणून आली आहे. ती सहा एक्यांचा वर्ग होय. विसाव्या शतकात देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अशा वर्गांना ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले. हे नाव जी.आय.पी. रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे. तिथे त्यांना ही कल्पना सुचली. के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांचा सिद्धान्त मांडला. त्यांची डेम्लो संख्येची व्याख्या वर्गांपुरती नव्हती: दोन्ही टोकांच्या भागांची बेरीज केली की मधलाच अंक पुन्हापुन्हा मिळावा. १६५ मध्ये १ + ५ = ६; आणि इथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.