वडगाव ते युरोप: गाडीतून फिरताना इंटरनेट कसं टिकवायचं?

वडगावहून सकाळी निघालेली गाडी शिनोळी, आंबोली, सावंतवाडी करत संध्याकाळच्या आत गोव्यात पोहोचते. एका दिवसात तीन राज्यं होतात. सीमाभागातल्या माणसाला याचं काही नवल नाही. आता मुलं जर्मनी, नेदरलँड्सला नोकरीला असलेली अनेक मराठी घरं आहेत. त्यांच्याकडे गेलेले आई-वडील मोटरहोम भाड्याने घेऊन चार-पाच देश फिरून येऊ शकतात. मोटरहोम म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. रोज नवा मुक्काम असल्याने रस्ता, बुकिंग, पैसे, घरच्यांचा फोन, सगळं मोबाईलवर चालतं. रेंज गेली की सगळंच अडतं.

दोन्ही प्रवासांत एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. नकाशावरची हद्द वेगळी आणि नेटवर्कची हद्द वेगळी. आपला पॅक कुठली हद्द मानतो, हे निघण्यापूर्वीच बघून घ्यावं.

राज्य आणि सर्कल

मोबाईल सेवेसाठी देशाचे २२ विभाग आहेत. त्यांनाच बोलीत सर्कल म्हणतात. कर्नाटक हे एक सर्कल. महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल, मुंबई मात्र स्वतंत्र. म्हणजे आंबोलीहून गोव्यात उतरताना राज्य बदलतं, सर्कल बदलत नाही. बाचीहून शिनोळीत शिरताना मात्र दोन्ही बदलतं.

पूर्वी याचा भुर्दंड सीमाभागाला बसायचा. घरात बसूनही फोनने पलीकडचा टॉवर पकडला की रोमिंग लागायचं आणि आलेल्या कॉलचेही पैसे कापले जायचे. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी जुना नंबर कायम ठेवण्याची सोय देशभर झाली. आजच्या नेहमीच्या पॅकमध्ये देशांतर्गत रोमिंगचं वेगळं ओझं पडत नाही.

घाटात शिरण्यापूर्वी

आता देशातली अडचण पैशाची नाही, रेंजची आहे. जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट, रामनगरमार्गे अनमोड घाट आणि आंबोली, तिन्ही वाटा दाट जंगलातून जातात. डोंगर आणि झाडी सिग्नल अडवतात, शिवाय वस्ती विरळ असल्याने टॉवरही कमी. एका कंपनीची रेंज गेली तरी दुसरीची मिळू शकते. म्हणून गाडीतल्या दोन फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असावीत.

वाटेचा नकाशा घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून घ्यावा. जीपीएस उपग्रहावरून चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही. नकाशा फोनमध्ये असेल तर रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसतं. निपाणीकडून कोल्हापूरला जाताना कोगनोळी टोलनाक्यावर पोहोचून फास्टॅगचं रिचार्ज करण्यापेक्षा आदल्या रात्री केलेलं बरं. डाटा नाही पण कॉलपुरती रेंज आहे, अशा ठिकाणी *९९# डायल करून बँकेचे छोटे व्यवहार करता येतात. तरीही थोडी रोख खिशात असावीच.

युरोपात: एकच पॅक, पण मधे भोकं

युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून आपल्या देशांमधलं जादा रोमिंग शुल्क रद्द केलं. ही सवलत २०३२ पर्यंत वाढवली आहे. जर्मनीत घेतलेलं सिम फ्रान्स, इटली, स्पेन, ऑस्ट्रियात घरच्याच दराने चालतं. नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन युनियनमध्ये नाहीत, पण या सोयीत आहेत. अमर्याद किंवा फार स्वस्त डाटाच्या पॅकला परदेशात मर्यादा असू शकते, ती बघून घ्यावी.

खरी गोची स्वित्झर्लंडची आहे. शेंगेन व्हिसावर तिथे जाता येतं, पण रोमिंगच्या सवलतीत तो देश नाही. व्हिसा चालतो म्हणजे डाटाही चालेल, असा हिशेब करणाऱ्याला मोठं बिल येऊ शकतं. आयर्लंडचं नेमकं उलटं: डाटा चालतो, शेंगेन व्हिसा चालत नाही. ब्रिटनही युनियनमधून बाहेर पडल्यावर या सोयीत राहिलेलं नाही.

कॉन्स्टन्स सरोवराकाठी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड एकमेकांना भिडतात. तिथे गाडी जर्मनीत उभी असली तरी फोन स्विस टॉवर पकडू शकतो. निपाणी-कागल पट्ट्यातला जुना अनुभवच तो. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडावं किंवा डाटा रोमिंग बंद ठेवावं. गाडी बोटीवर चढवल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकावा. भर समुद्रात बोटीवरचं नेटवर्क उपग्रहावरून येतं आणि ते महाग पडतं.

गाडीतली जोडणी

दोघांच्या प्रवासाला फोनचा हॉटस्पॉट पुरतो. कुणाला गाडीतून ऑफिसचं काम करायचं असेल तर सिम घालायचा राउटर घ्यावा. गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारे राउटर मिळतात. मोटरहोमच्या धातूच्या भिंती सिग्नल अडवतात, म्हणून राउटर खिडकीशी ठेवावा. लांबच्या प्रवासाला छतावर अँटेना बसवलेली गाडी सोयीची. मुक्कामाच्या कॅम्पिंगमध्ये वायफाय असलं तरी संध्याकाळी सगळे एकदम वापरतात आणि ते रेंगाळतं. बँकेचं काम त्यावर न करता स्वतःच्या डाटावर करावं.

डाटा सगळ्यात जास्त खातो तो व्हिडिओ. नकाशा आणि मेसेजला फार लागत नाही. मोबाईलमधले फोटो आणि ॲपचे अपडेट आपोआप चालू असतील तर ते आधी बंद करावेत.

घरचा नंबर जिवंत ठेवा

बँकेचा ओटीपी बेळगावच्या नंबरवरच येतो. म्हणून ते सिम काढून घरी ठेवू नये. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून घ्यावं, पण डाटा बंद ठेवावा. डाटासाठी तिकडचं दुसरं सिम किंवा ई-सिम वापरावं. आपला फोन ई-सिम घेतो का, ते आधी तपासावं. रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे असावी. फोन बदलणार असाल तर यूपीआयची नोंदणी इथेच उरकावी, कारण त्यासाठी त्या सिमवरून मेसेज जावा लागतो.

मदतीचा नंबर

भारतात आणि युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांत तातडीचा नंबर ११२ च आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. जर्मनीत मात्र फोनमध्ये चालू सिम असल्याशिवाय लागत नाही. जिथे कुठलाच टॉवर नाही तिथे कॉलचा उपयोग नाही. म्हणून घाटात शिरण्यापूर्वी कुठल्या वाटेने निघालो आणि किती वाजेपर्यंत पोहोचू, हे घरी कळवावं.

आणि एक. परदेशातून येताना सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणू नये. परवान्याशिवाय ते बाळगणं भारतात गुन्हा आहे.