घोडकाठची पांढर

दिंडीला शंभर वर्षं झाली, जुनं काहीतरी लिहा, असं मंडळींनी सांगितलं. आमचं शिक्षण चौथी. तरी माउली, शंभर वर्षं आपल्याला फार वाटतात, म्हणून साडेतीन हजार वर्षांमागचं आपल्याच भागातलं एक गाव सांगतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठाला इनामगाव आहे. घोड भीमेला मिळते अन् भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, म्हणजे पाणी आपल्या वाटेचंच. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदत होती. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी अशी जाणती माणसं.

शंभराच्या वर घरं निघाली. इसवी सनाच्या आधी १६०० पासून ७०० पर्यंत तिथं वस्ती होती. हत्यारं म्हणजे थोडं तांबं, बाकी दगडाची पाती. अन् एवढ्यावर शेती! सातू, मसूर, कुळीथ पिकवायचे. पुराचं पाणी वळवायला पाट खणलेला, त्याला दगडमातीचा बांध. आज आपण कॅनॉलचं आवर्तन कधी सुटतंय म्हणून बसून राहतो. गावच्या मुख्याचं घर पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार. पाणी अन् दाणा ज्याच्या हाती तो पुढारी, हे तवाही असंच.

मयताला घरातच पुरायचे. मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा संशोधकांचा तर्क. आम्ही पायी चालणारी माणसं, ऐकून अंगावर काटा आला. एक पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला, त्याचे पाय शाबूत. आणि लहान लेकरं? दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात लेकरू, अन् वर घरातली सारवलेली जमीन. अशी पुष्कळ निघाली. म्हणजे आई त्याच जमिनीवर झोपायची.

पुढं सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस हटत गेला, असं खोदणारांचं म्हणणं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार वाढली. ७०० च्या सुमारास गाव उठलं.

गाव उठणं म्हणजे काय, ते आम्ही जवळून बघितलंय. १९७२ च्या दुष्काळात आम्ही दहा वर्षांचे. शाळा तिथंच सुटली. इनामगावात खोदकाम चालू होतं त्याच वर्षांत आम्ही आईसंगं दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. खायला मिलो अन् सुकडी. विहिरीनं तळ दाखवला तसं वडील म्हणाले, आता मुंबईला जाऊ. आई हलायला तयार नाही. आमचा धाकटा भाऊ दात यायच्या आत गेला होता. आपल्यात असलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. त्याला बांधाच्या कडेला, बाभळीखाली ठेवलेलं. आई म्हणाली, त्याला इथं टाकून मी कुठं येऊ?

वडील एकटेच गेले. पाऊस झाल्यावर परत आले.

नंतर आई दरसाल दिंडीत चालायची. निघायच्या दिवशी आधी त्या बांधाला जायची, बाभळीपाशी हात टेकायची, मग डोईवर तुळस घेऊन रांगेत यायची.