एक पिंजरा, दोन जाती : ससा व गिनीपिग यांच्या सहवासाचा इतिहास

पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून ससा व गिनीपिग हे दोन प्राणी पुष्कळदा एकाच जाळीच्या पिंजऱ्यात, एकाच भांड्यातील दाणा आणि एकाच जुडीतील लसूणघास खाताना दिसतात. नागपूरच्या गिऱ्हाइकाला त्यात काही वावगे वाटत नाही. दोन्ही प्राणी लहान, मऊ केसांचे, तृणभक्षक आणि सहसा न चावणारे; तेव्हा ते एकत्र असावयाचेच, अशी त्याची समजूत असते. परंतु ज्या नागपुरात १९४७ साली वैद्यकीय व १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठिकाण आले, त्याच नागपुरात प्रयोगासाठी पाळलेल्या प्राण्यांना लागू पडणाऱ्या मार्गदर्शक सूचना मात्र याच दोन जाती वेगळ्या ठेवाव्यात असे स्पष्ट सांगतात. एकाच प्राण्याविषयी एकाच शहरात दोन रीती कशा रूढ झाल्या, हा प्रश्न वरकरणी प्राणिशास्त्राचा वाटला तरी वस्तुतः तो इतिहासाचा आहे.

प्रथम नावांचा विचार करणे इष्ट ठरेल. मराठीतील ‘ससा’ हा शब्द दोन निराळ्या प्राण्यांना एकाच वेळी लागू होतो. पंचतंत्रात सिंहाला विहिरीकाठी नेणारा ससा, शेताच्या बांधावरून झेप घेणारा ससा, तो येथला रानससा होय. तो बीळ खणीत नाही. गवतातील उथळ खळग्यात पडून राहतो. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो पाळण्याचा किंवा विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुकानातील ससा हा त्याचा दूरचा भाऊबंद असून मूळचा युरोपचा, बिळे खणून समूहाने राहणारा आहे. शब्द एकच असल्यामुळे या परदेशी प्राण्याविषयी आपणांस सर्व काही ठाऊक आहे असा भास मराठी माणसाला होतो. ‘सशाचे काळीज’ हा वाक्प्रचार त्या भासात भर घालतो. गिनीपिगाला तर मराठीत स्वतःचे नावच मिळाले नाही. जो प्राणी घरातून वा शेतातून न येता प्रयोगशाळेच्या दाराने आला, त्याचे असे होणे स्वाभाविक होते.

निसर्गात या दोघांची गाठ कधीच पडलेली नाही. सशाचे मूळ स्थान आयबेरियन द्वीपकल्प. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार व्हॅरो याने शेतीवरील आपल्या ग्रंथात कुंपणातील सशांची माहिती देताना स्पेनकडील या बिळे करणाऱ्या सशाचा वेगळा उल्लेख केला आहे. गिनीपिग दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशाचा. हजारो वर्षे तेथील लोकांनी तो मांसासाठी पाळला, आणि तोही पिंजऱ्यात नव्हे, तर स्वयंपाकघराच्या जमिनीवर, चुलीच्या उबेला, भाजीची देठे व साली घालून. सोळाव्या शतकात तो जहाजांतून युरोपास पोहोचला. १५५४ साली कोनराड गेसनर याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. युरोपातील घराच्या मागील अंगणात लाकडी खुराडी आधीच होती आणि त्यांत ससे होते. नव्या पाहुण्याला त्या खुराड्यात जागा मिळाली. या सहवासाचा उगम तेथे आहे. प्राण्यांच्या स्वभावात त्याचा आधार शोधणे व्यर्थ होय.

या बाबतीत केवळ दुकानदाराला दोष देणे न्याय्य होणार नाही, कारण शास्त्रानेही दीर्घकाळ तेच केले. ससा हा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणात, उंदीर-खारींच्या व गिनीपिगाच्याच पंगतीस बसविला जात असे. वरच्या जबड्यातील पुढच्या दातांमागे त्याला दातांची दुसरी लहान जोडी असते, हे ठाऊक असूनही त्याचा स्वतंत्र गण मानला जात नव्हता. १९१२ साली गिडली या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो गण निराळा असल्याचे प्रतिपादन केले, आणि पुढे तेच मत मान्य झाले. वर्गीकरणाच्या या पिंजऱ्यातून ससा बाहेर पडला, पण लाकडाच्या व तारेच्या पिंजऱ्यात तो राहिलाच.

भारतात या दोन प्राण्यांच्या इतिहासाचे सर्वांत ठसठशीत प्रकरण मुंबईच्या प्लेगाशी निगडित आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत त्यांनी प्लेगप्रतिबंधक लशीचे काम आरंभिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत लस टोचलेले ससे रोगापासून बचावतात, असे त्यांना आढळले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. पुढे १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. या पहिल्या पर्वातील प्रमुख प्राणी ससा होता.

दुसऱ्या पर्वात गिनीपिग पुढे आला, आणि तो प्रयोगशाळेतून नव्हे तर बागेतून. १९०३ साली भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्समधील, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील, गिनीपिग प्लेगाने मेले. कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी त्या मृत प्राण्यांच्या अंगावरील पिसवा तपासल्या, तेव्हा त्या उंदराच्या पिसवा निघाल्या. उंदीर मेल्यावर त्याच्या पिसवा दुसऱ्या यजमानाच्या शोधात निघतात, ही गोष्ट त्यामुळे दृष्टीस पडली. प्रदर्शनासाठी ठेवलेला एक निरुपद्रवी प्राणी भोवतालच्या रोगाचा साक्षीदार ठरला.

१९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळ येथे या साक्षीदाराची रीतसर उलटतपासणी केली. त्यासाठी खास बांधलेल्या खोल्यांत पिसवांनी युक्त असे प्लेगग्रस्त प्राणी व निरोगी गिनीपिग ठेवण्यात आले. बारीक जाळीने पिसवांपासून संरक्षिलेले गिनीपिग बचावले. ज्यांच्या पिंजऱ्यात पिसू शिरू शकत होती ते मेले. दुसऱ्या प्रयोगात पिंजरे निरनिराळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरील पिंजऱ्यातील गिनीपिगांना रोग झाला, दोन फुटांवरील सुरक्षित राहिले. हवा दोघांचीही तीच होती. फरक होता तो पिसवेच्या उडीचा. पिंजरा कोठे टांगावा, त्याची जाळी किती बारीक असावी, शेजारी कोणता प्राणी असावा, या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींवर जीवनमरण अवलंबून असते, हे ज्ञान महाराष्ट्राच्या भूमीवर, आणि तेही गिनीपिगाच्याच प्राणाचे मोल देऊन, एका शतकापूर्वीच सिद्ध झाले होते.

सशाच्या शेजारामुळे गिनीपिगाला होणारा अपाय मात्र पिसवेच्या वाटेने येत नाही. त्या वेळी परळला ज्या वाटेचे महत्त्व नव्हते, त्या श्वासाच्या वाटेने तो येतो. १९१० च्या सुमारास अमेरिकेत फेरी यांनी कुत्र्यांच्या श्वसनमार्गातून एक जंतू वेगळा केला. १९११ साली एडिंबरो येथे मॅगोवन यांना तोच जंतू प्रयोगशाळेतील अनेक जातींच्या प्राण्यांत आढळला. १९१३ साली थिओबाल्ड स्मिथ यांनी गिनीपिगांच्या न्यूमोनियाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९५२ मध्ये बोर्दे या शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘बोर्डेटेला’ ही प्रजाती मानण्यात आली, आणि हा जंतू ‘बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका’ झाला. याचे वैशिष्ट्य असे की, सशाच्या नाकात व घशात तो बहुधा काही लक्षणे न दाखविता राहतो, पण तोच गिनीपिगाच्या फुप्फुसात पोहोचला की प्राणघातक ठरू शकतो. ससा धडधाकट दिसतो आणि त्याचा शेजारी मरतो.

आहाराचा प्रश्न याहून साधा, पण तितकाच गंभीर आहे. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिक यांनी गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवले असता त्यांना स्कर्व्ही झाली. मनुष्याप्रमाणेच गिनीपिगाच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, असा त्याचा पुढे उलगडा झाला. सशाच्या शरीरात ते होते. त्यामुळे सशासाठी बनविलेला कोरडा दाणा सशाला पुरतो, आणि त्याच भांड्यातून खाणारा गिनीपिग पोट भरलेले असताना आतून झिजत जातो. अँडीजमधील स्वयंपाकघरात त्याला पडणारी ताजी देठे ही चैन नव्हती. शिवाय पूर्ण वाढलेला मोठ्या जातीचा ससा चार-पाच किलो भरतो, तर गिनीपिग जेमतेम किलोभर. सशाच्या मागील पायांची एक लाथ त्याची हाडे मोडण्यास पुरेशी असते. सशाचे काळीज भित्रे असेल. त्याचे पाय तसे नाहीत.

प्रयोगशाळांनी हे दोन प्राणी वेगळे केले ते दयाबुद्धीने केले असे मानण्याचे कारण नाही. ज्या गिनीपिगावर क्षयाची परीक्षा चालू आहे, तो शेजारच्या सशाच्या जंतूने मेला तर परीक्षाच फुकट जाते. प्राण्याचे आरोग्य हा निष्कर्षाच्या विश्वसनीयतेचा भाग होता. १९४७ साली इंग्लंडात प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या संगोपनाची पहिली मोठी हस्तपुस्तिका निघाली, १९६३ साली अमेरिकेत मार्गदर्शिका आली. भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये १९६४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांच्या देखरेखीसाठी समिती नेमली गेली आणि १९९८ मध्ये तत्संबंधीचे नियम झाले. या समितीच्या मार्गदर्शक सूचनांत जातवार वेगळी व्यवस्था असावी असे म्हटले असून, तिचे कारण सांगताना जे उदाहरण दिले आहे ते नेमके ससा, गिनीपिग व बोर्डेटेला यांचेच आहे.

हे ज्ञान प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर बाजारात का गेले नाही, याचे उत्तर शोधताना साधनांची अडचण प्रथम जाणवते. प्रयोगशाळा अहवाल लिहिते. दुकानाचा पिंजरा दप्तर ठेवीत नाही. क्रॉफर्ड मार्केटसारख्या विख्यात मंडईतील पशुपक्ष्यांच्या दुकानांचा लौकिक मोठा, पण तेथे कोणता प्राणी कशाने मेला याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाला सापडावयाची नाही. तेव्हा तर्काचा आश्रय घ्यावा लागतो, आणि तो तर्क व्यापाराच्या गतीतून निघतो. हे प्राणी विक्रीस येतात ते अगदी कोवळ्या वयात. त्या वयात पिलांच्या आकारातील अंतर डोळ्यांत भरत नाही. सशाला अद्याप लाथेचे बळ आलेले नसते. संसर्ग झाला तरी लक्षणे प्रकट होण्यास काही दिवस लागतात, आणि जीवनसत्त्वाच्या उणिवेचा परिणाम दिसावयास त्याहून अधिक. तोवर प्राणी विकला गेलेला असतो. अपाय दुकानात घडतो आणि मृत्यू गिऱ्हाइकाच्या घरी होतो. म्हणून दुकानदाराच्या अनुभवात तो मृत्यू कधी शिरतच नाही, आणि त्याची रीत त्याला निर्दोष वाटत राहते. गिऱ्हाईक प्राण्याच्या नाजूकपणाला किंवा हवेला बोल लावते.

एका आक्षेपाचा विचार येथे केला पाहिजे. दोन्ही प्राणी समूहप्रिय असल्याने एकाकी ठेवण्यापेक्षा परक्या जातीची सोबत बरी, असे अनेक हौशी पालक म्हणत आले आहेत, आणि तसे एकोप्याने राहिलेल्या जोड्यांची उदाहरणेही सांगितली जातात. त्यात तथ्यांश आहे. एकाकीपण हा खरोखरच क्लेश आहे. पण उपाय चुकीचा आहे. गिनीपिग सतत निरनिराळे आवाज काढून सोबत्यांशी व्यवहार करतो. ससा बहुतांशी मुका, पाय आपटून इशारा देणारा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. स्वित्झर्लंडने २००८ साली अमलात आणलेल्या नियमांत गिनीपिग एकटा ठेवण्यास मनाई केली, ती त्याला स्वजातीची सोबत मिळावी म्हणून.

कायद्याची नजर या पिंजऱ्यावर फार उशिरा पडली. १८९० च्या कायद्याचा रोख मुख्यतः रस्त्यावरील मारहाणीवर व ओझ्याच्या जनावरांवर होता. १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमाने, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा ठरविला; तथापि पिंजऱ्याची लांबी-रुंदी मोजणारा हा दंडक त्यात कोणाशेजारी कोण आहे हे विचारीत नव्हता. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम व्हावयास २०१८ साल उजाडावे लागले. त्या नियमांतील ‘पाळीव प्राणी’ या संज्ञेच्या व्याख्येत कुत्रा व मांजर यांच्यामागोमाग ससा व गिनीपिग यांची नावे स्वतंत्रपणे आली, आणि दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक झाली. प्रयोगशाळेतील गिनीपिगासाठी समिती नेमली गेली त्यानंतर दुकानातील गिनीपिगाचे नाव नियमात येण्यास चौपन्न वर्षे लागली.

नागपूरपुरता विचार करताना आणखी एका गोष्टीची दखल घ्यावी लागते, ती उन्हाळ्याची. अमेरिकन मार्गदर्शिकेच्या १९९६ च्या आवृत्तीने सशासाठी १६ ते २२ अंश सेल्सिअस व गिनीपिगासाठी १८ ते २६ अंश अशी खोलीच्या तपमानाची मर्यादा सांगितली आहे. भारतीय समितीने प्रयोगशाळांना १८ ते २९ अंशांपर्यंत सवलत दिली. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. सशाला घाम जवळजवळ येत नाही. लांब कानांतील रक्तवाहिन्यांवाटे तो उष्णता बाहेर टाकतो. गिनीपिगाचे कान आखूड, शरीर गोटीबंद, त्यामुळे त्याला तेवढीही सोय नाही. गर्दीच्या पिंजऱ्यात सावलीचा व ओलाव्याचा एकच कोपरा असतो, आणि तो अंगाने मोठ्या असलेल्या सशाकडे जातो. कूलरचा झोत बहुधा गल्ल्याच्या दिशेने असतो.