बर्कनहेडचे उद्यान कोणाच्या पैशाने उभे राहिले?

'सार्वजनिक' म्हणजे विनाशुल्क, असे समीकरण १८४०च्या इंग्लंडमध्ये नव्हते. त्या वर्षी डर्बी येथे जोसेफ स्ट्रट या कारखानदाराने नगराला आर्बोरेटम हे वृक्षोद्यान दान केले. परंतु आठवड्यातून दोनच दिवस, रविवारी आणि बुधवारी, तेथे पैसे न भरता जाता येई.

लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पैलतीरी वसलेल्या बर्कनहेडने निराळी वाट धरली. १८४३ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथील नगर-कमिशनरांना सार्वजनिक निधीतून उद्यानासाठी जमीन घेण्याची मुभा दिली. २२६ एकर पाणथळ जमीन घेण्यात आली. १२५ एकरांवर उद्यान करायचे आणि उरलेले भूखंड घरांसाठी विकून खर्च भरून काढायचा, असा बेत होता. गरिबांच्या मोकळ्या हवेचा हिशेब श्रीमंतांच्या बंगल्यांवर बसवलेला! (हा बेत मला हुशार वाटतो, आणि किंचित अस्वस्थही करतो.) जोसेफ पॅक्स्टन यांनी तळी खोदून निघालेल्या मातीचे उंचवटे रचले. ५ एप्रिल १८४७ रोजी उद्यान खुले झाले.

क्रिकेट क्लब मात्र त्याच्याही आधीचा, १८४६चा. रग्बी क्लब १८७१ साली स्थापन झाला, आणि १८९४मध्ये इंग्लंडने वेल्सला येथेच २४-३ असे हरवले.

१८५० साली फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड हा तरुण अमेरिकन प्रवासी बर्कनहेडमध्ये उतरला. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोन रचनाकारांपैकी एक तोच. नवे उद्यान पाहिल्यावाचून गाव सोडू नका, असा आग्रह त्याला कोणा कमिशनरने केला नव्हता. तो केला होता गावातल्या एका पाववाल्याने.