विमानांचे नातेगोते

आमचे नाते गाव महाडाहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. कोकणातल्या गडकोटांवर हिंडताना एखादी गंजलेली तोफ गवतात आडवी पडलेली दिसे. ती कोणी ओतली, कोणावर डागली, असे विचारले की वडीलधारी माणसे ‘जुनी आहे रे’ एवढेच सांगत. कलालबांगडीसारखी एखादीच भाग्यवान, बाकीच्या निनावी. त्या निनावीपणाची हुरहूर मनात राहिली, आणि पुढे जुन्या लढाऊ विमानांचा नाद लागला तो बहुधा तिच्यामुळेच.

कारण विमान हे तोफेसारखे मुके नसते. त्याला क्रमांक असतो, जन्माची नोंद असते, कोणत्या तुकडीत किती तास उडाले याची वही असते. वही हरवली तरी यंत्रांवरच्या धातूच्या पट्ट्या उरतात. रंगाचे थर खरवडले तर खालचा जुना क्रमांकही कधी डोकावतो. मात्र चबुतऱ्यावरच्या विमानाकडे पाहताना सावध राहावे. पंख एकाचे, शेपूट दुसऱ्याचे आणि अंगावरचा आकडा एखाद्या तिसऱ्याच पराक्रमी भावंडाचा, असे प्रकार जगभर आढळतात. वंशावळ तपासल्यावाचून सोयरीक करू नये, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता येथेही उपयोगी पडतो.

दिल्लीच्या पालम येथे 1967 पासून वायुदलाचे संग्रहालय आहे. तेथले ‘तुफानी’ पाहताना मला आमच्या गावाची आठवण झाली. दासो या फ्रेंच कारखान्याचे हे ‘उरागाँ’. त्या शब्दाचाच अर्थ वादळ, म्हणून आपल्याकडे त्याचे बारसे ‘तुफानी’ असे झाले. ही विमाने भारताने 1953 साली घेतली, तेव्हा देशाची तिजोरी नात्यात जन्मलेल्या चिंतामणरावांच्या हाती होती. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी 1956 साली मंत्रिपद सोडले. तुफानी मात्र पुढेही उडत राहिली आणि डिसेंबर 1961 मध्ये दीवच्या मुक्तीसाठी झालेल्या कारवाईत उतरली.

दुसरे विमान ‘नॅट’. अंगाने एवढेसे, पण 1965 च्या युद्धात त्याने सेबर विमानांशी झुंज घेऊन नाव कमावले. डिसेंबर 1971 मध्ये श्रीनगरवर निर्मलजीतसिंग सेखों यांनी प्राण दिले तेही नॅटमध्येच. याच जातीचे एक विमान कराचीच्या संग्रहालयात आहे. सप्टेंबर 1965 मध्ये स्क्वाड्रन लीडर ब्रिजपालसिंग सिकंद ते घेऊन पसरूरच्या धावपट्टीवर उतरले. आपल्या बाजूची हकिकत अशी की ते साथीदारांपासून तुटले, इंधन संपत आले आणि धावपट्टी आपलीच समजून ते खाली उतरले. पाकिस्तानची हकिकत अशी की त्यांच्या स्टारफायटर विमानाने धाक घालून ते उतरवले. विमान एकच, पत्रा तोच, क्रमांक तोच. इतिहास मात्र दोन. वस्तू टिकली म्हणजे सत्य टिकले असे नव्हे, हे मी त्या नॅटकडून शिकलो.

तिसरे विमान आपल्या घरचे, ‘मारुत’. दुसऱ्या महायुद्धातले फोके-वुल्फ 190 रेखणारे जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक 1956 साली बंगळूरला आले. तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात भारतीय अभियंत्यांची फळी आधीच उभी होती. तिचे अग्रणी विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे मराठी गृहस्थ. गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या घाटग्यांचे एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 सालीच आकाशात गेले होते. मारुताने 17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांच्या हाती पहिले उड्डाण केले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे हे स्वप्न होते. परंतु ज्या इंजिनावर भिस्त ठेवली होती, त्याचा विकास इंग्रजांनी सोडून दिला. मग नॅटला असते त्याच ‘ऑर्फियस’ घराण्यातली दोन इंजिने बसवून भागवावे लागले. देह गरुडाचा आणि दम चिमणीचा! 1970 साली सुधारलेल्या मारुताची चाचणी घेतानाच दास यांचा अंत झाला.

तरीही 1971 साली राजस्थानच्या आघाडीवर मारुतांनी आपले काम चोख बजावले. एकूण 147 विमाने बांधली गेली आणि 1990 साली शेवटची निवृत्त झाली. त्यांतले एक म्युनिकजवळच्या संग्रहालयात गेले, म्हणजे टँकसाहेबांच्या माहेरीच म्हणा! एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात, एक पुण्यात कमला नेहरू बागेत आले. पुण्यातल्या दोन पिढ्यांनी भेळ खाता खाता ते पाहिले असेल. त्या बागेत एकदा एका मुलाने आजोबांना विचारले, “हे कोणाचे विमान?” आजोबा म्हणाले, “जुने आहे रे.” मी चमकलो. नात्याहून निघालेले ते वाक्य माझ्याआधीच पुण्याला येऊन बसले होते.

वस्तू जपणे सोपे नाही. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून तरंगत होती. 2012 साली ते बंद झाले आणि 2014 नंतर तिची मोडतोड झाली. कोकणचा पाऊस आणि समुद्राचा खारा वारा ज्याला ठाऊक आहे, त्याला पातळ पत्र्याच्या आयुष्याचा अंदाज सांगावा लागत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 ही निवृत्त झाले. त्यांतली कितीतरी आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधलेली. आता ती गावोगावच्या चौकांत चबुतऱ्यांवर चढतील, लोक शेजारी उभे राहून छायाचित्रे काढतील.

माझी मागणी एवढीच : चबुतऱ्याबरोबर एक पाटी असावी. हे विमान कोठे बांधले, केव्हा उडाले, कोणत्या मोहिमेत होते आणि त्यातला कोणता भाग दुसऱ्याचा आहे, हे त्यावर खरेखरे लिहावे. पराक्रम नसेल तर नसेल. मारुताचे अपुरे इंजिनही लिहावे. पत्रा कधीतरी गंजणारच. पण नाव-गाव सांगता आले तर नाते तुटत नाही. नाहीतर रानातल्या त्या निनावी तोफेशेजारी आणखी एक भंगार येऊन पडेल, एवढेच.